स्लॅबच्या पोटातले सेन्सर

किस्से माणसांच्या धंद्यात होतात, काँक्रीटमध्ये कसले होणार, असं मला वाटायचं. माण गावच्या बांधकामाच्या साइटवर दीड वर्ष काढलं. आता मित्र भेटले की आधी विचारतात, "आज काय पुरलंस?"

माझं काम सोपं आहे. स्लॅब ओतण्याआधी लोखंडी गजाला डबीएवढा सेन्सर बांधायचा. काँक्रीट घट्ट होताना आतून तापतं; ते तापमान मोबाइलवर दिसतं आणि त्यावरून ते किती पक्कं झालं ते कळतं.

पहिल्या दिवशी चार तास उन्हात बसून चौदा सेन्सर बांधले आणि जेवायला गेलो. परत आलो तर गज बांधणारा बबन हसत उभा. "साहेब, तुमच्या डब्या आत राहिल्या होत्या. सगळ्या काढल्या!"

पुसून, ओळीने मांडल्या होत्या. एकही कमी नव्हती.

*

जमिनीचे मूळ मालक आबा रोज चक्कर मारायचे. एकदा सेन्सरकडे बोट दाखवून म्हणाले,

"ह्यो भाईर कवा काढनार?"

"काढत नाही, आबा. आतच राहतो."

आबांनी विचार केला. "आमच्या खोल्यांतली आयटीची पोरं अकरा म्हैन्यांनी जात्यात. ह्यो जातच न्हाई म्हंजे भाडेकरू न्हाई, वारसदार हाय!"

*

थंडीतल्या एका सकाळी मोबाइलवर पाहिलं, तर पार्किंगच्या नव्या स्लॅबचा एकच कोपरा गार होईना. धावत गेलो. कासारसाईकडच्या ठकूबाईंची चाळीस मेंढरं तिथं बसलेली.

"ऊब हाय म्हून बसल्यात," ठकूबाई म्हणाल्या.

"मावशी, खाली मशिन आहे. आकडे चुकतात."

"मग मशिन उचल की!"

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं : मेंढ्या. ऑफिसातून फोन आला, "हा कुठला एरर कोड?"

*

सातव्या मजल्याचा स्लॅब. शनिवारी त्याच्याखालचा फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवायचा होता आणि हॉलभर स्लॅबला आधार दिलेले टेकू उभे. प्रोजेक्ट मॅनेजरने मोबाइल उघडला. अॅपवर हिरवी खूण : स्लॅब पक्का.

"मिस्त्री, टेकू काढ."

शंकर मिस्त्रीने खालून स्लॅबवर दोनदा हातोडी ठोकली, कान दिला. "न्हाई. अजून तीन दिस."

"एवढं मशिन खोटं आणि तुझा कान खरा?" मॅनेजर माझ्याकडे वळला. "तू सांग!"

सेन्सर माझा, अॅप माझं. "अॅप तर हो म्हणतंय," मी म्हणालो.

मिस्त्रीने मधल्या टेकूला हात घातला. "बरं, काढतो. तुमी दोघं हितंच खाली हुबं ऱ्हावा."

आम्ही दोघांनी वर बघितलं.

मॅनेजरने मोबाइल खिशात ठेवला. "तीन दिवस म्हणालात ना, मिस्त्री? चार घ्या."