तीन सुनीता, एक जून

आज एक जून. सकाळीच बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या आणि मला मंठ्याची शाळा आठवली.

वीसेक वर्षांपूर्वी तिथल्या कॉम्प्युटरमधली मुलांची जुनी यादी मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालत होतो. यादीत फक्त नाव, आडनाव आणि जन्मतारीख. तीन सुनीता जाधव, तिघी एकाच सालच्या, एक जूनच्या. पहिली आत गेली. बाकी दोघींना सॉफ्टवेअर म्हणे, 'ही नोंद आधीच आहे.' दहावीच्या यादीतून दोन पोरी गळणार होत्या.

पहिलीत मुलांची नावं नोंदवणारे जुने गुरुजी चपला दाराबाहेर काढून आत आले, पडद्याकडे बघून ओशाळले. "आया सांगायच्या, ज्वारी काढताना झाली. मंग तारीख काय लिहू? सगळ्यांना एक जून टाकली."

"मंग आता आयांचीच नावं टाकू, गुरुजी."

टाकली. तिघी बराबर आत गेल्या.

घरी येऊन मी आईला विचारलं, मी खरा कधीचा? ती म्हणाली, "आम्ही तुरी सोंगून राह्यल्तो, तवा झालास तू."

तेव्हापासून तुरी वाळल्या की आम्ही दोघं गुपचूप एकेक पेढा खायचो. आता मी एकटाच खातो.