खडवलीच्या गाळात
परवा खोपटला रस्ता खणला होता, तिथल्या ओल्या मातीचा वास आला आणि खडवलीची नदी आठवली. खनिजं शोधायला नदीतला गाळ हाताने काढलेला बरा की ड्रोनने, हे आम्ही एकाच ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी तपासत होतो. ती काठावरून ड्रोनला बांधलेलं भांडं पाण्यात सोडायची, मी त्याच जागी उतरून पिशवी भरायचे. एकदा माझा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला तो निघेचना. ओढावा तसा आणखी खोल जायचा. तेवढ्यात ती ओरडली, "अगं, मागून गढूळ पाणी येतंय, ड्रोनमधून दिसतंय! निघ लवकर!" "निघता येत नाहीये गं!" पाणी कमरेला लागलं, भीतीने मला श्वास घेता येईना. तिने ड्रोन तसाच हवेत सोडला, धावत आत आली आणि दोन्ही हातांनी माझ्या पायाभोवतीचा गाळ उपसू लागली. बूट आतच राहिला, पण मी सुटले. आम्ही काठावर धापा टाकत बसलो होतो, तेव्हा बॅटरी संपून ड्रोन नदीत पडला. ऑफिसातले साहेब तिच्यावर खूप चिडले. आता आमची ऑफिसं वेगळी आहेत, पण कुठेही कोंडल्यासारखं झालं की माझा पहिला फोन तिलाच जातो.