स्वयंपाकघरातून जाणारी वहिवाट

भिंत नावाची वस्तू या सृष्टीत आहे, हे ज्यांनी कधीच मान्य केले नाही, असे एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले. ते आमच्या वसाहतीचे मूळ मालक; लहानथोर सारे त्यांना आबा म्हणतात. नगरहून मनमाड रस्त्याला लागले की आज जी बंगल्यांची दाटी दिसते, तिच्यातला मोठा तुकडा एके काळी आबांचे शेत होता. शहर वाढत वाढत बांधाशी आले, चुन्याच्या रेघा पडल्या, ज्वारीच्या जागी प्लॉट आले आणि मुरमावर डांबर चढले. आबांनी हे सारे आनंदाने होऊ दिले. मात्र त्यांच्या लेखी पीक तेवढे बदलले, शिवार तेच राहिले. बँकेतले अधिकारी हे त्यांचे ‘हरभऱ्यातले साहेब’, दातांच्या डॉक्टर ‘मेथीतल्या बाई’, आणि चौकातले ज्येष्ठ वकील ‘गोठ्यातले वकील’. वकिलांनी एकदा चारचौघांत हरकत घेतली, तेव्हा आबा अत्यंत नम्रपणे म्हणाले, “मंग काय म्हनू साहेब? बैलं तितंच बांधीत हुतो ना आमी!”

मी ‘वाटंवरचे गुर्जी’. कारण आबांच्या घरापासून विहिरीकडे जाणारी जुनी पायवाट नेमकी माझ्या घराच्या पोटातून जात होती. आपण जमीन विकली, वहिवाट विकली नाही, हा त्यांचा सिद्धान्त. आणि जाण्यायेण्याचा हक्क वापरला नाही तर मोडतो, म्हणून ते तो रोज सकाळी पायांनी जपत. मी देवघरात स्तोत्र म्हणत असताना आबा पुढच्या दाराने येत, वहाणा काढून हातात घेत, देवाला नमस्कार करीत आणि स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दाराने बाहेर पडत. सूनबाईने चहा पुढे केला की म्हणत, “वाटंत कुनी बसतं व्हय, पोरी?” नवा फ्रिज आला तेव्हा मात्र त्यांच्या भुवया चढल्या. “लई आडवा टाकलाय. बैलगाडी कशी वळायची?” एकदा नातीला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या मातोश्री गंभीरपणे शिक्षणाची चौकशी करीत असता वहाणा हातात धरलेले आबा बैठकीच्या मधून निघाले. “चालू द्या, चालू द्या,” आबा म्हणाले, “मी रस्त्यानं चाललोय.”

विहीर तर केव्हाच बुजलेली; तिच्यावर आता वसाहतीच्या बागेतली फरसबंदी आहे. ती आबांच्या वडिलांनी स्वतः खणली होती. आबा तिथे हात जोडून उभे राहत, “झाकलंय, आटलं न्हाई,” एवढेच पुटपुटत, आणि परतत. मी जन्मभर संध्या केली, पण इतक्या निष्ठेचा नित्यनेम फार थोड्यांचा पाहिला.

मग मुलाने स्वयंपाकघर नवे करायचे ठरवले. मागच्या दाराच्या जागी कपाट येणार होते. जड अंतःकरणाने मीच आबांना ते सांगितले. “बांधा की गुर्जी,” ते म्हणाले, “घर तुमचं हाय.” दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. गवंड्याने पहिली वीट उचलली, आणि फरशीवरच्या धुळीच्या पावलांवरून रोज कुरकुरणारी आमची सूनबाईच पुढे झाली. “थांबा हो. आबा गेल्याशिवाय माझी सकाळच होत नाही. दार राहू द्या, कपाट लहान करा.” मग स्वतः आबांच्या दारी जाऊन म्हणाली, “आबा, वाट मोकळी आहे. चला.”

दुसऱ्या सकाळी आबा आले. फ्रिजही कोपऱ्यात सरकलेला पाहून प्रसन्न झाले. “आता वळंल गाडी!”

अलीकडे त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली, आणि लेकीने त्यांना कोल्हारला नेले. निघताना माझा हात धरून म्हणाले, “गुर्जी, तेवढी वहिवाट मोडू देऊ नका.” म्हणून आता स्तोत्र संपले की मी वहाणा हातात घेतो, देवाला नमस्कार करतो, आपल्याच स्वयंपाकघरातून बाहेर पडतो आणि विहिरीपाशी हात जोडून येतो. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच फोन वाजतो.

“गेल्ता का गुर्जी?”

“आत्ताच जाऊन आलो, आबा.”

“आन् पानी?”

“झाकलंय. आटलं नाही.”

मग हळूच विचारतात, “सूनबाईनं च्या दिला आसंल?”

“देत होती. पण आबा, वाटेत कुणी बसतं का?”