सॅम्पलपुरती नववी

पारसशेठ गेल्याचं त्यांच्या पुतण्याने, दिलीपने, फोनवर सांगितलं आणि त्याच दमात उठावणा, म्हणजे शोकसभा, किती वाजता आहे तेही सांगून टाकलं. उठावण्याला अर्धं शहादा लोटलं होतं. ज्यांनी या कापडवाल्याला आयुष्यभर 'बॅंडवाला शेठ' म्हणून हिणवलं, तेच माइक धरून 'संगीताचे थोर उपासक' म्हणत होते. एका पुढाऱ्याने तर त्यांना बासरीवादक करून टाकलं... मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

पारसशेठांचा जीव एकाच रचनेत अडकला होता. कान गेलेल्या त्या जर्मन संगीतकाराची नववी सिंफनी. मी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवायचो. दुकानाच्या सुट्टीला वरच्या माडीवर, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून आम्ही तीच ऐकायचो, दर वेळी निराळ्या वाद्यवृंदाची तबकडी लावून. हे तर तेच आहे, असं मी एकदा बोललो. घर मारवाडी, पण माझ्याशी ते अहिराणीतच बोलायचे. "सर, सूर तेच शेतस, पन कोन वाजाडी ऱ्हायना, कोना समोर वाजाडी ऱ्हायना, ते देखा ना!" बर्लिनची भिंत पडल्यावर वाजवलेली एक होती, तिच्यात शेवटचं समूहगान गाणारे 'आनंद'ऐवजी 'स्वातंत्र्य' म्हणत होते. सगळ्यांत लाडकी मात्र दुसऱ्या महायुद्धातली. समोर नाझी बसलेले, आणि वाद्यवृंद असा पेटलेला की ऐकताना भीती वाटावी. त्या ध्वनिफिती रशियन सैन्याने उचलून नेल्या, पुढे रशियात तबकडी निघाली, आणि मुंबईला माल भरायला गेलेल्या पारसशेठांना ती फुटपाथवर सापडली. "मन्हा मांगे ही तुमनी," असं ते दिलीपच्या देखत म्हणाले होते.

काही दिवस जाऊ देऊन मी ती मागायला गेलो. माडी रिकामी, नवा रंग दिलेली. "समदास्वर एकच गानं व्हतं ना सर? एक सॅम्पल ठी लिधं, बाकी भंगारवालाले दी टाकं," दिलीप म्हणाला. कापडवाल्याचं शहाणपण! कापडाच्या थानाचा एक तुकडा ठेवला की माल कळला. बरं, ठेवली कोणती? सोनेरी अक्षरांच्या कव्हरची, जिला पारसशेठ 'मिठाईना डब्बा' म्हणायचे आणि कधी लावायचे नाहीत. आता ती काचेच्या फ्रेममध्ये त्यांच्या फोटोशेजारी टांगली आहे. मी तसाच भंगारवाल्याकडे गेलो. त्याचा माल सुरतेला रवाना झाला होता. दिलीपची मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

"मोबाइलवर भेटी जाई ना सर," त्याने वर मलाच समजावलं. आणि भेटली, मेली! तीच युद्धातली, धुऊनपुसून स्वच्छ केलेली. पारसशेठांच्या तबकडीवर तिसऱ्या, संथ भागात एक ओरखडा होता. सुई तिथे अडकायची, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा म्हणायची. मग शेठ गुडघ्यावर हात टेकून उठायचे, करंगळीने तिला हलकेच पुढे सरकवायचे आणि ओशाळं हसून परत बसायचे... मोबाइलवर ती जागा सरळ निघून जाते. कोणाला उठावं लागत नाही.