फोटोतलं तुटलेलं वर्तुळ

तुमच्या आईच्या फोनवर कोजागिरीचा जो फोटो आला, त्याबद्दल तुम्ही परवा मला दोन प्रश्न विचारलेत. धाकटीने विचारलं, बाकी सगळ्या दिसतात, मग यात आजी कुठे आहे? थोरल्याने विचारलं, निरांजनाच्या उजेडाचं ते गोल वर्तुळ एका जागी तुटलंय, ते का? मी विषय बदलला आणि तुमच्या शाळेचं काहीतरी विचारलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तुमची आई शेजारी बसून ऐकत असताना ते सांगायचा मला धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्याकडे कोजागिरीला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात, हे थोरल्याला माहीत आहे, कारण तुमची आई त्याला तिकडेही ओवाळते. मी माझ्या घरची पहिली. शेजारची आजी तिच्या घरची पहिली. माझं लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी माझी आई मला पाटावर बसवून ओवाळायची. ती गेली त्या वर्षी कोजागिरीच्या रात्री मी दूध आटवून गच्चीत नुसती बसून होते. शेजारची आजी तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून आली ती पांढऱ्या साडीतच, तबक घेऊन, आमचा जिना चढून वर. म्हणाली, "बस गो. तुला ओवाळायला आई नाही, मला तर कधीपासून नाही. मी तुला ओवाळते, तू मला ओवाळ."

तेव्हापासून दर वर्षी आम्ही एकमेकींना ओवाळतो आणि दर वर्षी दोघींचा एक फोटो काढतो. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे प्रत्येक फोटोच्या मागे तारीख आणि क्रमांक घातलेला आहे. एकवीस फोटो झाले. बाविसावा यंदाचा व्हायचा होता.

यंदा आमच्या आळीच्या टोकाला एक बाई राहायला आल्या. मुंबईतली नोकरी संपवून सासरच्या घरात परत आलेल्या, आमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. स्वतः गाडी चालवतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना गाडीवाली म्हणते. गुडघ्यामुळे मी सकाळचं फिरणं सोडलं, तेव्हा शेजारची आजीही सोडेल असं मी धरून चालले होते. तिने सोडलं नाही. ती गाडीवालीबरोबर जायला लागली. मी सकाळी चहा घेऊन खिडकीत बसायचे आणि दोघी हसत परत येताना बघायचे. एवढं हसण्यासारखं सकाळी सहा वाजता काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कोजागिरीला गच्चीत न बसता आरे-वारेच्या वरच्या सड्यावर जाऊन फोटो काढायचे, ही कल्पना गाडीवालीची. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं पठार. तिथून खाली समुद्र दिसतो. "मॅडम, तुम्ही नाही म्हणू नका," ती मला म्हणाली. मी नाहीच म्हणणार होते, पण शेजारच्या आजीने आदल्या दिवशीच हो म्हणून ठेवलं होतं.

आम्ही चौघी निघालो. चौथी आपली टेलरमावशी, जिने धाकटीचं परकर-पोलकं शिवलं होतं. गाडीत शेजारची आजी पुढे बसली. आम्ही रिक्षाने जातो तेव्हा ती आणि मी मागे शेजारी बसतो. मी टेलरमावशीबरोबर मागे बसले आणि दुधाचा थर्मास मांडीवर घट्ट धरला.

वर चांदणं इतकं पडलं होतं की गवताची पाती मोजावीत. वारा पडलेला. गाडीवालीने तीन पायांच्या स्टँडवर फोन लावला आणि आम्हाला समजावलं. फोन दहा सेकंद उघडा राहतो. तेवढा वेळ जो हलत नाही तो फोटोत येतो, आणि अंधारात उजेड जसा फिरेल तशी त्याची रेघ उमटते. मग टेलरमावशी मधे उभी राहिली आणि तिच्या पाठीमागे बसून गाडीवालीने बॅटरीने तिला पंख काढले. फोटो बघून टेलरमावशी म्हणाली, "बाई गं, मी परी. आता गिऱ्हाइकांना सांगते, ब्लाउज उशिरा मिळाला तर ओरडू नका, परी शिवते."

"परी असलीस तरी माझा हात घट्टच शिवतेस," शेजारची आजी म्हणाली.

"सिस्टर, हात तुमचा वाढलाय. पंखांना दोष देऊ नका."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी टेलरमावशीचा पदर सारखा करायला मधेच पुढे गेले आणि पुढचा फोटो बिघडला. "मॅडम, तुम्ही स्टँडजवळच थांबा, म्हणजे वेळही मोजता येईल," गाडीवाली म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली. मला मात्र वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

दूध मी केशर, जायफळ, चारोळी घालून दोन तास आटवलं होतं. गाडीवालीने तयार मसाल्याची पूड घातलेलं थंड दूध आणलं होतं. शेजारच्या आजीने दोन्ही प्यायलं आणि थंड दुधाचा दुसरा पेला मागितला. एवढी साधी गोष्ट, पण बघा, तारखेसकट लक्षात आहे.

मग शेजारच्या आजीने पिशवीतून तबक काढलं. मी माझी जागा घेणार, इतक्यात गाडीवालीने विचारलं, हे काय? शेजारच्या आजीने सांगितलं. गाडीवाली तबकाजवळ वाकली. मग म्हणाली, "मीसुद्धा पहिलीच. मला आई लहानपणीच नव्हती. कोणी ओवाळलेलं आठवत नाही."

खरं तर मलाच पुढे होऊन म्हणायला हवं होतं, ये, बस. आई गेल्यावर ओवाळायला कोणी उरलं नाही म्हणून मी एका रात्री किती रडले होते, आणि ही साठीची बाई तेच सांगत होती. मी स्टँडकडे मागे सरकले. शेजारच्या आजीने एक क्षणही विचार केला नाही. "मग आज आधी तू बस गो," ती तिला म्हणाली.

गो. माझ्याशी बोलताना ती गो म्हणते. तिलाही म्हणाली.

"फोटो घेऊ या का?" गाडीवालीने विचारलं. "एकच फेरी, अगदी हळू. उजेडाचं पूर्ण वर्तुळ येईल." ती दगडावर बसली. टेलरमावशी मागे उभी राहिली. मी फोनवरचं बटण दाबायचं आणि आकडे मोजायचे, एवढं काम माझ्याकडे.

मी बटण दाबलं. एक, दोन, तीन म्हटलं. निरांजन हळूहळू वर चढत होतं. चौथ्या आकड्याला मी स्टँडजवळून निघाले आणि त्यांच्या पुढून, डावीकडून उजवीकडे, चालत गेले. घाईने नाही. गडबडून नाही. पदर नीट करायलाही नाही. तुम्हाला मी नेहमी सांगते की कोणाच्या फोटोच्या मधे जाऊ नये. मी मुद्दाम गेले.

फोटो बिघडला असणार म्हणून मी वाट बघत राहिले. गाडीवालीने फोन उघडला. फोटो सुंदर आला होता. ती, शेजारची आजी, टेलरमावशी, तिघी स्वच्छ. माझी साडी काळपट जांभळी, मी चालत होते, म्हणून मी कुठेच उमटले नव्हते. फक्त वर्तुळाच्या वरच्या बाजूला बोटभर जागा काळी होती. "वाऱ्याने ज्योत विझत आली असेल," गाडीवाली म्हणाली. वारा नव्हता, हे चौघींनाही ठाऊक होतं.

"परत घेऊ या?"

"नको," शेजारची आजी म्हणाली. "असू दे. आता हिची पाळी."

मी म्हटलं, "राहू दे. निरांजनातलं तेल संपलं असेल."

"तेल आहे. सलाइनच्या बाटलीत किती उरलंय तेसुद्धा मला अंधारात कळतं, जन्म त्यात गेला माझा." मग ती माझ्या कपाळाला कुंकू लावायला वाकली आणि दोघींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मधनं कोण गेलं तेही कळतं. तुझी चप्पल वाजते."

मी मान वर केली नाही.

"रागावलीस?" मी विचारलं.

"रागावले असते तर परत घेतला असता फोटो, पूर्ण वर्तुळाचा," ती म्हणाली. "आता हलू नकोस. दहा सेकंद तरी नीट बस."

तो फोटो गाडीवालीने काढला. वर्तुळ पूर्ण आलं आहे आणि त्याच्या मधे मी आहे, चोरी पकडलेल्या माणसासारखी. म्हणून तो तुमच्या आईला पाठवला नव्हता. मग मी शेजारच्या आजीला ओवाळलं. माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं, त्यामुळे तिच्या फोटोतलं वर्तुळ वाकडं आहे.

उतरताना ती पुन्हा पुढेच बसली. मी तक्रार केली नाही, पण मला आवडलं असंही म्हणणार नाही. गाडी आळीत शिरल्यावर ती मागे वळून म्हणाली, "पुढच्या वर्षी हिला तू ओवाळायचंस." गाडीवाली आरशातून माझ्याकडे बघत होती. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले.

अल्बममध्ये बाविसाव्या पानावर मी तिन्ही फोटो लावले आहेत. तुटलेलं वर्तुळ पहिलं, कारण ते आधी घडलं. त्याच्या मागे तारीख आणि क्रमांक घातला आणि त्याखाली माझं नाव लिहिलं. धाकटे, आजी तिथे आहे, त्या काळ्या जागेत.

शेजारची आजी अधूनमधून कुंपणावरून विचारते, "मग, ओवाळणार ना तिला?" मी अजून हो म्हटलेलं नाही. पण काल बाजारातून फुलवाती आणल्या, त्या दोघींना पुरून उरतील एवढ्या आहेत.