बारा घरांचा बहिष्कार

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील खानदेशातून सुरतेला आले, पंचवीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले, आणि घरात पुस्तकांपेक्षा पगारवाढीची नि संपाची पत्रकंच जास्त आली. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. नव्वदनंतरच्या ज्या वर्षांत मी कॉलेजात होतो, त्या वर्षांत त्यांना रेडिओ ऐकू येत नव्हता, ओट्यावरच्या गप्पा कळत नव्हत्या. आम्ही पाटीवर लिहून त्यांच्याशी बोलायचो. सोबतीला उरलं होतं पोस्टाने येणारं एक मराठी मासिक. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत ते वाचत, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

एका वर्षी वर्गणी संपल्याचं स्मरणपत्र आलं. एकशे ऐंशी रुपये भरा. समोरचे काका वडिलांचे कारखान्यातले सोबती. त्यांच्या पत्रात एकशे पन्नास. आणि अंकातच घातलेल्या कार्डावर नव्या वर्गणीदाराला एकशे वीस. जितका जुना वाचक, तितका जास्त भुर्दंड. मी कार्यालयाला जाब विचारला. उत्तर आलं की दर योजनेप्रमाणे बदलतात, हवं तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने नवी वर्गणी भरावी.

माझं डोकं फिरलं. निष्ठेची शिक्षा म्हणून जास्त पैसे, आणि सुटका हवी तर खोटेपणा. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं, चार विशेषणं खोडली आणि म्हणाले, "मागणी एकच ठेव." मागणी होती, सर्वांना एकच दर. तो मिळेपर्यंत कुणी वर्गणी भरायची नाही. आमच्या भागात ते मासिक घेणारी बारा मराठी घरं होती. बाराही घरांनी सह्या केल्या. पहिली सही वडिलांची.

कार्यालयाकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या महिन्यात काकांकडे गेलो तर पलंगावर ताजा अंक. वेष्टनावर काकूंचं नाव.

काका जरा ओशाळले, मग हसले. "तुझं पत्रक बरोबरच आहे रे. पण मी कुठे भरली वर्गणी? हिने भरली. हिची सही कुठे होती?"

मी उरलेली दहा घरं फिरलो. कुठे बायकोचं नाव, कुठे मेहुण्याचं. एक आजोबा तर म्हणाले, लढा तुम्ही तरुणांनी लढायचा, आम्हाला अंकातलं कोडं सोडवायचं असतं.

घरी येऊन मी पाटीवर लिहिलं, आईच्या नावाने भरू का?

वडिलांनी वाचलं. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "बाकीच्या अकरांना विचारलंस? मागे घ्यायचं तर सगळ्यांनी मिळून. एकट्याने मागे घेणं म्हणजे फुटणं."

माझ्या हातात पेन्सिल होती. सगळे केव्हाच फुटलेत, एवढंच लिहायचं होतं. पण या माणसाने आयुष्यभर फुटलेले संप पाहिले होते. एक तरी टिकलाय, आणि तो पोराने उभा केलाय, असं त्यांना वाटत होतं.

"टिकलेत ना सगळे?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर दर महिन्याला ते विचारत आणि मी मान हलवत असे. काका आता अंक आतल्या खोलीत वाचायचे. आई माझ्यावर चिडून म्हणायची, "सांगी टाक ना त्यासले." मी सांगितलं नाही. वडील दुपारी जुने अंक घेऊन बसत. पुढे तेही बंद झालं. नुसते भिंतीला टेकून बसायचे. खरं बोलावं या विषयावर मी त्याच काळात कॉलेजात आणखी दोन पत्रकं लिहिली होती.

पुढच्या वर्षी स्मरणपत्राची वेळ आली आणि गेली. वर्षभर पैसे न भरणाऱ्याचं नाव यादीतून काढतात, एवढी साधी गोष्ट होती. वडिलांनी महिनाभर वाट पाहिली. मग एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "या वेळी पैसे मागायची हिंमत झाली नाही त्यांची. घाबरलेत. आता धीर सोडू नका म्हणावं सगळ्यांना."

सगळ्यांना सांगायला म्हणून मी घराबाहेर पडलो आणि नाक्यावरच्या पोलिसचौकीपर्यंत नुसताच चालत जाऊन परत आलो.