पदरात गुंडाळलेले हात
पन्नाशीत मी फार हुशार होते. एवढी हुशारी आता मला झेपायची नाही. बेंगळुरूत, बसवनगुडीतल्या एका कॉलेजात मी बी.कॉम.च्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पायऱ्या वहीत उतरवून द्यायचे, समास सोडून, मथळ्याखाली दुहेरी रेघ मारून. वह्या देखण्या, आणि प्रॅक्टिकलला अर्धा वर्ग नापास. दोन वर्षं असंच झाल्यावर प्राचार्यांनी सरळ सांगितलं, यंदा निकाल सुधारला नाही तर विषय दुसऱ्या कुणाला देऊ.

आसपासच्या कॉलेजांतले आम्ही सात-आठ कॉम्प्युटरवाले दर शनिवारी बनशंकरीला एकीच्या घरी जमायचो. एकाने अडचण मांडायची, बाकीच्यांनी पहिला अर्धा तास नुसते प्रश्न विचारायचे; सल्ला बंद. मी जायचे ती सल्ले द्यायलाच, त्यामुळे तो अर्धा तास मला निर्जळी एकादशीसारखा वाटे.

त्या शनिवारी मात्र अडचण माझी होती. मी मुलांच्या तक्रारींचा पाढा वाचला: लक्ष नाही, सराव नाही, घरी कॉम्प्युटर नाही. तिथल्याच शिवाजीनगरच्या कॉलेजातल्या एका तरुण बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"अक्का, मूल अडलं की तुम्ही काय करता?"

"माउस घेते आणि करून देते. दोन मिनिटांत."

"मग ते स्वतः कधी करतं?"

मी समोरच्या वहीत मथळ्याखाली आणखी एक रेघ मारली. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि नियमामुळे कुणाला माझी सुटकाही करता येईना.

अर्धा तास संपल्यावर सगळ्यांनी मिळून उपाय काढला. वह्या बंद. एका मशीनवर दोघं, एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं, मग अदलाबदल. आणि मी? दोन्ही हात पदरात गुंडाळून फिरायचं. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, मॅडमना थंडी वाजून ताप आलाय. एकीने स्क्रीनवरचा अख्खा तक्ता उडवला तेव्हा तर हात पदरातून निसटलेच होते. पण शेजारणीने तिला तो परत कसा आणायचा ते सांगितलं, आणि मी तशीच पुढे गेले.

प्रॅक्टिकलला दोघं सोडून सगळी पास झाली. त्या दोघांना मी सुट्टीत बसवलं. "विषय तुमच्याकडेच राहू दे," प्राचार्य म्हणाले, आणि माझं कौतुक करायला लागले. मी त्यांना अडवलं नाही. इतकी काही मी सुधारले नव्हते. मग म्हटलं, "सर, ह्यात सात-आठ जणांचं डोकं आहे." आणि स्टाफरूमपर्यंत अशी ताठ चालत गेले की शिपाई बाजूला झाला.